पावसानेच गारठवलेली दरी

हवामान कार्यालयात दुपारच्या पाळीला बसले तेव्हा सकाळचं बुलेटिन समोर होतं: दरीत दिवसभर पाऊस, बर्फ फक्त वरच्या उतारांवर. त्यात चुकीचं काही नव्हतं. तळाशी तापमान 4 अंश, शून्य अंशाची पातळी तिथून सुमारे 600 मीटर वर, आणि अंदाज काढणारं संगणकी मॉडेल रात्रीपर्यंत 3 अंशांच्या खाली उतरायला तयार नव्हतं.

मला खटकत होता तो वारा. दरीत पान हलत नव्हतं आणि पाऊस तासाला 3 मिलिमीटरच्या जोराने सलग पडत होता.

असा हिवाळी पाऊस ढगातून निघतो तेव्हा बहुतेक वेळा बर्फच असतो. ढगातला थेंब जेमतेम 0.02 मिलिमीटरचा, तसे दहा लाख मिळून 2 मिलिमीटरचा एक पावसाचा थेंब होतो. थंड ढगात शून्याखालीही न गोठलेलं, म्हणजे अतिशीतित पाणी असतं आणि त्यात मोजके हिमस्फटिक. बर्फावरचा संपृक्त बाष्पदाब (हवेत जास्तीत जास्त मावणाऱ्या वाफेचा दाब) पाण्यावरच्यापेक्षा कमी, म्हणून स्फटिक वाढत जातात आणि थेंब आटत जातात. ही कल्पना 1911 मध्ये वेगेनर यांनी मांडली (खंड सरकतात असं सांगणारे तेच हे वेगेनर), आणि 1930 च्या दशकात बर्जेरॉन आणि फिंडायझेन या हवामानशास्त्रज्ञांनी ती उभी केली.

म्हणजे खाली काय पोचणार याचा निकाल बऱ्याचदा शेवटच्या काही शे मीटरांत लागतो. उबदार थर जाड असला की पाऊस. उबदार थराखाली पुन्हा जाडसर थंड थर असला तर वितळलेला थेंब गोठून बर्फाचा कण होऊन टपटपतो. तो थंड थर पातळ असला तर थेंब द्रवच राहतो आणि रस्त्याला टेकताक्षणी गोठतो. मला सगळ्यात धास्ती या शेवटच्या प्रकाराची. गारांचं घराणंच वेगळं, त्यांना वर उचलून धरणारा जोरकस ऊर्ध्वप्रवाह लागतो.

त्या दिवशी प्रश्न साधा होता: हा 600 मीटरचा उबदार थर टिकेल का? बर्फ वितळायला दर ग्रॅमला 334 जूल उष्णता लागते आणि ती त्याच हवेतून काढली जाते. कागदावर आकडे मांडले. थराचं सरासरी तापमान 2 अंश. तो अख्खा शून्यावर आणायला साधारण साडेचार मिलिमीटर पावसाएवढा बर्फ वितळला की पुरे. वारा असता तर बाजूची उबदार हवा येऊन भरपाई झाली असती. इथे दरीने हवा कोंडून ठेवली होती. दीड तासाचा हिशेब होता, आणि त्यातला बराच वेळ सरलाही होता.

रडारवर तेच दिसत होतं. वितळू लागलेल्या हिमपुंजक्यावर पाण्याचा लेप चढतो आणि रडारला तो भलामोठा थेंब भासतो. म्हणून वितळण्याच्या पातळीवर एक ठळक पट्टा उमटतो. आम्ही त्याला ब्राइट बँडच म्हणतो. दर नव्या स्कॅनला तो पट्टा खाली सरकत होता. दरीतल्या हवामान केंद्राचं तापमान 4 वरून 2.6 झालं, मग 1.5.

सहकारी म्हणाला, “अगं, मॉडेल अजून पाऊसच दाखवतंय.” दाखवणारच. त्याने पाऊस निम्म्याच जोराचा धरला होता. जोर निम्मा तर थंडावाही निम्मा. मी बुलेटिन बदललं आणि घाटरस्त्याच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला.

“मॅडम, इथे धो धो पाऊस आहे. बर्फ धरू नये म्हणून आत्ता रस्त्यावर मीठ टाकलं तर सगळं वाहून जाईल.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मग ठरलं की गाड्या भरून तयार ठेवायच्या आणि तापमान अर्ध्या अंशावर आलं की निघायचं. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. “वायपरच्या कडेला काहीतरी साचतंय. पाणी नाही, लगदा आहे.” रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात पाहिलं तर भले थोरले, ओले पुंजके पडत होते, काचेवर आपटून पसरायचे आणि घरंगळत खाली जायचे. तापमान 0.2. वरून थंड हवेची एकही नवी झुळूक आलेली नव्हती.

अंधार पडल्यावर दक्षिणेकडून वारा सुटला आणि कोंडलेली हवा हलली. तासाभरात पुन्हा पाऊस, तापमान 3 अंश. मोबाइलवर नुसतं ढगाचं चित्र पाहणाऱ्याला यातलं काय कळणार, देव जाणे. रात्रपाळीच्या नोंदवहीत मी लिहिलं: वारा 5 नॉटच्या खाली गेला आणि पावसाचा जोर टिकला, तर तापमानाचा अंदाज मॉडेलवर सोडू नका, पट्ट्याची उंची बघा.