अमेरिकेत बाळाची जुनी खाट कोणी घेत का नाही

इथल्या मराठी घरात बाळ यायचं असलं की सामानाची यादी निघते, आणि त्यातलं निम्मं जुनंच घ्यायचं हे न बोलता ठरलेलं असतं. आजीच्या लुगड्याच्या दुपट्यात वाढलेल्या माणसांना वापरलेल्या वस्तूंचा कसला संकोच? संकोच असतो तो दुकानांना. जुन्या वस्तूंच्या दुकानात कपबशा, कोट, टेनिसच्या रॅकेटी हव्या तेवढ्या मिळतात. पण क्रिब, म्हणजे चारी बाजूंनी कठडा असलेली बाळाची खाट, आणि गाडीतली बाळाची सीट त्यातली बरीचशी दुकानं फुकट दिली तरी घेत नाहीत.

ही भीती कायद्याची आहे. २००६ मध्ये मिनिआपोलिसच्या एका चार वर्षांच्या मुलाने बुटांबरोबर फुकट मिळालेला धातूचा बिल्ला गिळला आणि शिशाच्या विषबाधेने तो गेला. पुढच्याच वर्षी चीनमध्ये बनलेली लाखो खेळणी रंगात शिसं सापडलं म्हणून परत मागवावी लागली. लोक खवळले. ऑगस्ट २००८ मध्ये कायदा झाला: बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेल्या वस्तूत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ६०० भागांहून जास्त नको, आणि पुढे ते टप्प्याटप्प्याने १०० वर आणायचं.

नेम कारखान्यांवर होता. पण मर्यादा १० फेब्रुवारी २००९ ला लागू झाली ती दुकानात आधीपासून पडलेल्या मालालाही. जुना माल विकणाऱ्यावर तपासणीची सक्ती नव्हती, मात्र मर्यादेबाहेरची वस्तू विकली तर गुन्हा. आता जुन्या जाकिटाच्या चेनमध्ये शिसं किती, हे काउंटरवरच्या बाईंना कळणार कसं? कित्येकांनी मुलांचे कपडे आणि खेळणी सरळ मांडणीवरून काढून टाकली. आणि हे मंदीच्या ऐन भरात, नोकऱ्या जात असताना, जेव्हा जुन्या कपड्यांची गरज सर्वांत जास्त होती.

पुस्तकांचं तर हसावं की रडावं कळेना. १९८५ नंतर छापलेली साधी पुस्तकं चालतील, असं ग्राहकांच्या वस्तूंच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने (सीपीएससी) सांगितलं. म्हणजे त्याआधीची संशयित! जुनी चित्रांची पुस्तकं काही दुकानांनी उचलून ठेवली. पान चावून विषबाधा व्हायची तर मुलाला अख्खं कपाट खावं लागेल, असं माझं आपलं मत. ऑगस्ट २०११ मध्ये दुरुस्ती होऊन साधी पुस्तकं आणि बहुतेक वापरलेल्या वस्तू या शिशाच्या मर्यादेतून सुटल्या. (भारतात २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, तेव्हा नोंदणीकृत हस्तकारागिरांना सुरुवातीलाच वगळलं होतं. इथे तेवढं शहाणपण उशिरा सुचलं.)

क्रिबच्या बाबतीत मात्र मी कायद्याच्या बाजूने आहे. एक बाजू वर-खाली सरकणाऱ्या क्रिबमध्ये २००० सालापासून किमान ३२ बाळं गुदमरून किंवा फास बसून दगावली होती. ढिले झालेले खिळे-स्क्रू, हरवलेले भाग ही त्याची मोठी कारणं, म्हणजे नेमकी जुन्या वस्तूची दुखणी. २८ जून २०११ पासून अशा क्रिब विकायला, अगदी अंगणातल्या सेलमध्येही, बंदी आहे.

पण दुकानाने नाकारलेली क्रिब कचऱ्यात जातेच असं नाही. ती मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते: "फुकट आहे, येऊन घेऊन जा." सोबत माहितीपुस्तिका नाही, दोन स्क्रू कमी, आणि देणाऱ्या ताईंचा मुलगा आता कॉलेजात. दुकानात निदान कोणीतरी लेबल वाचलं असतं. इथे नात्याच्या भिडेपोटी कोणी विचारतही नाही.

तेव्हा इकडे येणाऱ्यांनो, विचारा. क्रिबच्या लेबलवर बनवल्याची तारीख असते. जून २०११ च्या आधीची असेल तर नको म्हणा, आणि नंतरची असली तरी परत मागवलेल्यांच्या यादीत आहे का, ते आयोगाच्या संकेतस्थळावर बघा. गाडीतल्या सीटवर मुदत छापलेली असते. ती सीट लावलेली गाडी कधी अपघातात सापडली होती का, हेही विचारून घ्या. झबली, स्वेटर आणि १९८५ च्या आधीची पुस्तकं मात्र मिळतील तेवढी घ्या.