टेकडीच्या वादात मध्यस्थ कसा घडवावा

पुण्यात टेकडी, नदीकाठ किंवा रस्ता यांवरून वाद पेटला की दोन्ही बाजू आधी वकील गाठतात. एकत्र बसून तोडगा काढू शकणारी माणसे घडवण्याकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. वेताळ टेकडीवरील बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याचेच पाहा. ‘रस्ता हवा’ आणि ‘रस्ता नको’ या मागण्या झाल्या. त्यांच्यामागे लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी, भूजलाचे पुनर्भरण, सकाळच्या फिरण्याची हक्काची जागा अशा गरजा आहेत. मागणीखालची गरज शोधणे हा मध्यस्थाच्या प्रशिक्षणातला पहिला आणि माझ्या मते सर्वांत अवघड धडा.

प्रत्येक बाजू आपापला तज्ज्ञ घेऊन आली की आकड्यांचेच भांडण होते. म्हणून वाहने कोणी, कोणत्या दिवशी आणि कोणत्या चौकात मोजायची, हे सर्वांनी मिळून आधी ठरवायचे असते. २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेतील जनसुनावणी याची जागा घेऊ शकत नाही, कारण ती प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा मसुदा तयार झाल्यावर होते.

प्रशिक्षणार्थींना परदेशी उदाहरणे देण्याआधी (तीही हवीतच, पण नंतर) पुरंदरला न्यावे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्यात पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर वाटले जाई. भूमिहीनांनाही हिस्सा होता आणि उसाला मनाई होती. पाण्यावरून हाणामारी होणाऱ्या दुष्काळी मुलखात हे नियम गावकऱ्यांनी आपसांत मान्य केले होते.