रिकाम्या पेशीने दिलेला करंट

मी पॅच-क्लॅम्प करते. आईला सांगताना "पेशींना टोचून बघते" एवढंच सांगते, आणि ती म्हणते एवढं शिकून टोचायचंच काम का गं. पण आहे तसंच, एक बारीक काचेची पिपेट पेशीला चिकटवून करंट मोजायचा आणि दुसऱ्या बोथट काचेच्या टोकाने तिला अर्धा-अर्धा मायक्रॉन दाबत जायचं, जास्त दाबलं की फुटते, मग दुसरी.

त्या दिवशी दोन डिश होत्या. एकीत पीझो-2 घातलेल्या पेशी, म्हणजे आपल्या स्पर्शाच्या नसांच्या टोकाशी असतं ते प्रोटीन, तीन पात्यांच्या पंख्यासारखं पेशीच्या पडद्यात बसलेलं, पडदा ताणला की पाती सपाट होतात, मधलं भोक उघडतं आणि सोडियम-कॅल्शियम आत घुसतं. दुसऱ्या डिशमध्ये रिकाम्या पेशी, म्हणजे पीझो-2 न घातलेल्या, तुलनेसाठीचा कंट्रोल. तिच्यात काहीच यायला नको.

आणि नेमका तिच्यातच करंट आला! चार मायक्रॉनला काही नाही, पाचला स्क्रीनवरची रेघ टचकन खाली. माझ्या पोटात गोळा. डिशची अदलाबदल केली वाटतं, म्हणजे सकाळपासूनचा सगळा डेटा कचऱ्यात. लेबलं तीनदा वाचली, जेवायलाही गेले नाही.

सिनियर दादाला बोलावलं तर त्याने लेबलाकडे बघितलंच नाही, रेघच झूम केली. "अगं हा उतार बघ, किती सावकाश बंद होतोय." खरंच, पीझो-2 चा करंट सहा-सात मिलिसेकंदांत ओसरतो, हा पंधराच्या आसपास रेंगाळत होता. तो पीझो-1 चा होता, म्हणजे पीझो-2 च्याच कुळातल्या दुसऱ्या प्रोटीनचा. आम्ही ज्यांना रिकाम्या म्हणत होतो त्या एचईके पेशींचा (माणसाच्या भ्रूणाच्या किडनीपासून लॅबमध्ये वाढवलेल्या) स्वतःचाच, थोडासा. 2010 साली शास्त्रज्ञ अर्डेम पॅटापूटियन यांच्या लॅबमध्ये 72 जीन्स एकेक करून बंद करत हे पीझो सापडलं, 2021 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, हे सगळं मला तोंडपाठ, आणि आपल्याच पेशीत काय आहे ते बघायचं मात्र सुचलं नाही.

मग पीझो-1 काढून टाकलेल्या पेशी मागवल्या, त्या यायला, वाढवायला बरेच आठवडे गेले. पहिल्याच दिवशी एकीला दाबत दाबत नऊ मायक्रॉनपर्यंत नेलं, रेघ सरळच्या सरळ. मग ती फुटली. पहिल्यांदाच पेशी फुटल्यावर मला बरं वाटलं.