धान्याला त्याचं पाणी द्या: मऊ सँडविच ब्रेड आणि त्यातली भर

ब्रेडमध्ये ओट्स किंवा नाचणी घातली आणि पाव विटेसारखा झाला, की खापर धान्यावर फुटतं. बहुतेकदा झालेलं एवढंच असतं, की कोरड्या धान्याने पिठातलं पाणी पळवलं. मळताना ओट्स अगदी गरीब वाटतात, पण पुढचे दोन तास ते पाणी ओढत राहतात, आणि ते पाणी ग्लुटेनच्या (गव्हातल्या प्रथिनांच्या ताणल्या जाणाऱ्या जाळीच्या) आणि स्टार्चच्या वाट्याचं असतं. म्हणून नियम एकच: धान्याने ब्रेडमध्ये येताना आपलं पाणी सोबत आणावं.

आधी बिनधान्याचा पाव हमखास मऊ यायला हवा, नाहीतर नंतर काय बिघडलं ते कळत नाही. २१ × ११ सेंटीमीटरच्या टिनसाठी एकूण ४०० ग्रॅम मैदा घ्या, शक्यतो ११ ते १२ टक्के प्रथिनं असलेला. त्यातला २० ग्रॅम मैदा १०० ग्रॅम पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा आणि मंद आचेवर ढवळत शिजवा. साधारण ६५ अंश सेल्सिअसला मिश्रण दाटतं आणि चमच्याची रेघ तळाशी उमटून राहते. लगेच उतरवून झाकून गार करा. याला तांगझोंग म्हणतात. शिजलेला स्टार्च कच्च्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरून ठेवतो, त्यामुळे हातांना न चिकटता पीठ जास्त ओलावा सामावतं आणि पाव दोन-तीन दिवस मऊ राहतो. ब्रेड इम्प्रूव्हरच्या पुड्यांपेक्षा माझा या खळीवर जास्त विश्वास आहे.

उरलेला ३८० ग्रॅम मैदा, ही खळ, १६५ ग्रॅम दूध, २४ ग्रॅम साखर, ८ ग्रॅम मीठ आणि ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट एकत्र करा. दूध उकळून गार केलेलं हवं, कारण कच्च्या दुधातली काही प्रथिनं ग्लुटेन सैल करतात. ३० ग्रॅम मऊ लोणी मात्र लगेच घालू नका. पीठ पाच-सहा मिनिटं मळून जरा एकसंध झालं, की मग थोडं थोडं मुरवा. स्निग्धांश आधीच गेला तर तो प्रथिनांवर थर धरतो आणि ग्लुटेन जुळायला वेळ लागतो. मशीनमध्ये एकूण १० ते १२ मिनिटं, हाताने १५ ते १८. लिंबाएवढा गोळा बोटांनी ताणून उजेडाकडे धरा. न फाटता त्याचा पातळ, पारदर्शक पडदा झाला की थांबा. हाताने मळताना पहिली आठ मिनिटं पीठ फार चिकटतं आणि सगळे तिथेच वरून मैदा भुरभुरतात. भुरभुरू नका. दहा मिनिटं झाकून ठेवा आणि पुन्हा मळा, चिकटपणा निम्म्याने कमी झालेला असतो.

मळलेल्या पिठाचं तापमान २६-२७ अंश असेल तर दुप्पट व्हायला तास-सव्वा तास लागतो. मग हवा काढा, टिनच्या लांबीएवढा रुंद आयत लाटा, घट्ट गुंडाळी करा, सांधा चिमटीने बंद करा आणि सांध्याची बाजू खाली ठेवून टिनमध्ये घाला. सैल गुंडाळीतून पावात भुयारं पडतात. दुसऱ्यांदा फुगताना घुमट टिनच्या कडेपेक्षा २ सेंटीमीटर वर आला, आणि ओल्या बोटाने दाबलेला खळगा हळूहळू, अर्धवट भरून आला, की ओव्हनमध्ये. तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३५ मिनिटांच्या आसपास. गाभ्यात थर्मामीटर ९३-९४ अंश दाखवायला हवा. बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत टिनमधून जाळीवर काढा, नाहीतर वाफ कोंडून बाजू ओल्या होतात आणि आत खचतात.

आता धान्य. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो: मैद्याऐवजी दुसरं पीठ घालणं, आणि मैदा आहे तेवढाच ठेवून वर भर घालणं.

बदली परवडते ती गव्हाच्याच पिठाची. ३८० पैकी १५० ग्रॅम मैद्याच्या जागी गव्हाचं पीठ घातलं तर दूध २० ते २५ ग्रॅम वाढवा, सगळं नुसतं कालवून अर्धा तास झाकून ठेवा आणि मगच मळा. कोंड्याचे कोरडे, टोकदार कण ग्लुटेनच्या जाळीत अडथळा आणतात. भिजून मऊ झाले की हा त्रास घटतो. दगडी जात्यावर बारीक दळलेल्या पिठात स्टार्चचे फुटके कण जास्त असतात, त्यामुळे ते आणखी पाणी पितं. ते पीठ असेल तर पाच-पाच ग्रॅमने दूध वाढवत पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ होईपर्यंत जा.

नाचणी, ज्वारी, बाजरी, मका यांत गव्हासारखं ग्लुटेन नाही, म्हणून त्यांची बदली महागात पडते. ती वर भर म्हणूनच घालावी, तीही उकड काढून. ४० ग्रॅम नाचणीच्या किंवा ज्वारीच्या पिठावर ८० ग्रॅम उकळतं पाणी ओता, भरभर घोटा, झाकून पूर्ण गार होऊ द्या. कच्च्या पिठाचा रवाळपणा जातो, आणि जी उकड तयार होते ती तांगझोंगचंच काम करते. तेव्हा मूळ खळ वगळली तरी चालते, फक्त तिचा २० ग्रॅम मैदा मुख्य पिठात परत घाला आणि दूध ३० ते ४० ग्रॅमने वाढवा. ४० ग्रॅम म्हणजे एकूण मैद्याच्या १० टक्के. हे प्रमाण ८० ग्रॅमवर नेलं की पावाची उंची डोळ्यांना दिसेल इतकी घटते आणि काप मोडू लागतो. नाचणीने पाव तपकिरी दिसतो, त्यामुळे रंगावरून भाजणी ठरवू नका, थर्मामीटरच बघा.

ओट्सच्या बाबतीत प्रमाण सोपं आहे: ४० ग्रॅम चपटे ओट्स, ८० ग्रॅम उकळतं पाणी, पाऊण तास. गार झाल्यावर लापशीसकट पिठात. ओट्समधलं बीटा-ग्लुकन, म्हणजे पाण्यात विरघळणारा तंतुमय पदार्थ, पाणी घट्ट धरतं, म्हणून सगळ्या धान्यांत ओट्सचा पाव मला सर्वांत मऊ वाटतो. पहिल्यांदा प्रयोग करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. दलिया ५० ग्रॅम असेल तर १०० ग्रॅम उकळत्या पाण्यात तासभर. दोन बोटांत दाणा सहज चिरडला पाहिजे. नाही चिरडला तर थोडा शिजवा. पावात जाऊन तो मऊ होईल अशी आशा करू नका, सँडविच खाताना दातांखाली खडा येतो. जवस १५ ग्रॅम, पाणी ४५ ग्रॅम. अख्ख्या जवसाला बुळबुळीत लेप सुटला की तयार. तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया भाजून, गार करून, शेवटच्या दोन मिनिटांत मळा. आधी घातल्या तर तयार होत आलेला पडदा फाटत राहतो.

राय (rye) या गव्हासारख्या धान्याचं पीठ ही वेगळीच जात. ४० ग्रॅम रायनेही पीठ चिकट होतं, कारण तिच्यातले अरॅबिनोझायलन नावाचे पदार्थ पाणी धरून चिकटतात. ते मळून जात नाही आणि मैदा घालूनही जात नाही. ओल्या हातांनी काम करा आणि चिकटू द्या. मोड आलेल्या धान्याबद्दलही सावध राहा: मोड येताना अमायलेज हे एन्झाइम वाढतं, ते स्टार्च तोडतं, आणि प्रमाण जास्त झालं तर पूर्ण भाजलेल्या पावाचा गाभाही सुरीला गोंदासारखा चिकटतो.

भिजवणीत मीठही लागतं, हे सहज विसरलं जातं. ५० ग्रॅम धान्यामागे १ ग्रॅम मीठ जास्त घाला, नाहीतर पाव अळणी लागतो. आणि भिजवण कधीही गरम असताना पिठात घालू नका. ५५-६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. त्याखालीही गरम भिजवणीने पीठ तीस अंशांच्या पुढे गेलं की ते अवेळी फुगतं आणि आंबूस वास येतो.

भर घातलेल्या पिठाचं एकूण वजन साडेआठशे ग्रॅमच्या घरात जातं, तेव्हा टिन २३ × १३ सेंटीमीटरचा घ्या. फुगवताना घाई आणि हाव दोन्ही नको. कोंड्यासकट गव्हाचं पीठ असेल तर यीस्ट जरा जोरात धावतं, आणि धान्याने जाळी कमजोर झालेली असते. म्हणून कडेपेक्षा १ सेंटीमीटर वर आलं की भाजायला घ्या. २ सेंटीमीटरची वाट पाहिली तर ओव्हनमध्ये माथा सुरकुततो किंवा मधोमध बसतो. उलट फारच लवकर घातलं तर पावाची एक बाजू टिनच्या कडेशी फाटते. ओली भर असल्यामुळे भाजणी पाच ते आठ मिनिटं जास्त. गाभा ९६ अंशांवर न्या. वरचा भाग आधीच लाल झाला तर त्यावर फॉइल सैल पसरवा. तळाशी ओलसर, दाट पट्टा दिसला तर तीन शक्यता तपासा: भाजणी कमी पडली, भिजवणीतलं न शोषलेलं पाणी तसंच आत गेलं, किंवा पाव गरम असताना कापला. शेवटचंच कारण बऱ्याचदा असतं, आणि त्याला पाककृती काही करू शकत नाही. दोन तास जाळीवर थांबायचं.

पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. स्टार्च पुन्हा कडक होण्याचा वेग फ्रिजच्या तापमानालाच सर्वांत जास्त असतो. दोन दिवसांत संपेल तेवढा पाव बाहेर, हवाबंद; बाकीचे काप करून फ्रीझरमध्ये, मध्ये कागद घालून, आणि लागतील तेवढे थेट टोस्टरमध्ये.