पद्मिनीचं मीटर: स्टेअरिंग दोनदा उतरवलं

दिवाळीनंतर कोठ्यात कापूस भरला की माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला जागा उरत नाही, म्हणून वेचणीच्या आधीच हे काम काढलं. आजार जुना होता. दिवे लावले की मीटरची लाइट मिणमिणायची, आणि साइड दिली की इंडिकेटरच्या तालावर पेट्रोलचा काटा नाचायचा. दोन वेगळ्या गोष्टी एका तालात हलत असतील तर संशय पहिला अर्थिंगवर (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीवर) घ्यावा, असं माझं मत. त्यात स्पीडचा काटाही चाळीसच्या खाली थरथरायचा.

मीटरच्या मागे हात जाईना, म्हणून स्टेअरिंग काढायचं ठरवलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, चाकं सरळ केली, हॉर्नचं बटण आणि त्याखालची स्प्रिंग डबीत ठेवली. मधला नट गोटी पान्याने सुटला, पण स्टेअरिंग दांड्याच्या दातांवर गंजून बसलेलं. हातोडा उचलला तेवढ्यात शेजारचे काकाजी आले. त्यांचा जन्म एसटी चालवण्यात गेला.

"ठोकू नको बाप्पा, आटे जातीन अन् खालचं बेरिंगही. नट चार आटे राहू दे, नाही तं सुटलं की तोंडावर येईन."

नट थोडा ठेवला, रॉकेल सोडलं, रात्रभर तसंच राहू दिलं. सकाळी पुलर (स्टेअरिंग ओढून काढायचं हत्यार) लावून ताण दिला आणि 'टक्' आवाज आला. तो आवाज ऐकून फार बरं वाटलं. (एअरबॅगच्या गाडीत मात्र घरी हात घालू नका.)

मीटर पुढे ओढलं. अर्थिंगच्या तारेचं टोक हिरवं पडलेलं. बॅटरी पुन्हा जोडून, दिवे लावून, मीटरची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला, तर जवळपास दोन व्होल्ट! तिथे शून्याच्या आसपास दिसायला हवं. बॅटरी सोडून टोक पॉलिश पेपरने घासलं, तारेच्या टोकाला नवा लग (जोडणीची धातूची कडी) दाबला, बल्बचे होल्डर साफ केले. काटा नाचायचा थांबला, लाइटही पूर्वीसारखी पिवळीधमक.

स्पीडच्या मीटरला फिरवणाऱ्या स्पीडो केबलची आतली तार कोरडी, काळी निघाली. रॉकेलने धुऊन हलकं ग्रीस लावलं; मीटरकडचं वीतभर टोक कोरडंच ठेवलं. मीटरमध्ये फिरतं चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला न शिवता ओढतं, आणि बारीक स्प्रिंग तिला अडवून धरते. तिथे ग्रीस चढलं तर वाटी चिकटते आणि काटा खोटं बोलतो.

चूक झाली ती खुणेत. दांडा आणि स्टेअरिंग यांवर चुन्याची रेघ मारली होती, ती रॉकेलने पुसली गेली. अंदाजाने बसवलं आणि दारव्ह्याच्या रस्त्याला गाडी काढली. गाडी सरळ, स्टेअरिंग डावीकडे कललेलं! सगळं परत उघडलं, एक दात सरकवून बसवलं, आणि या वेळी दोन्हीकडे सेंटर पंचने ठिपका ठोकला. तो आता पुसायचा नाही. इंडिकेटर दोन्ही वळणांवर आपोआप परततो का, तेही पाहून घेतलं.

काटा आता चाळीसच्या खालीही स्थिर आहे. पेट्रोलचा काटा मात्र टाकी भरूनही पाऊणच दाखवतो. म्हणजे पुढचं काम टाकीतल्या फ्लोटचं (पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणाऱ्या डबीचं), पण ते वेचणी आटोपल्यावर.