कोपर बंदरामागच्या टेकड्यांत बोलीच्या शोधात: शब्द टिपायला जाणाऱ्यांसाठी

कोपर बंदर सोडून टेकड्या चढू लागलं की मारेझिगे, पोम्यान, क्रकाव्चे ही इस्त्रिया द्वीपकल्पाच्या स्लोव्हेनियातल्या भागाची गावं लागतात. बोली स्लोव्हेन, पण घरातल्या कितीतरी वस्तूंची नावं व्हेनिसकडची. जेवणाचा काटा ‘पिरून’, कचरा ‘श्कोवात्से’, उशी ‘कुशीन’, टॉवेल ‘शुगमान’. हा मुलूख १७९७पर्यंत व्हेनिसकडे होता. पुढेही मोठा बाजार जवळच्या त्रिएस्त या बंदराच्या शहराचाच राहिला. गावोगावच्या बायका अंडी गोळा करून तिथे विकायच्या आणि येताना माल आणायच्या. मालाबरोबर नावंही घरात यायची.

शब्द मिळाला की आधी प्रमाण इटालियनशी ताडून बघा. इटालियनमध्ये काट्याला ‘फोर्केत्ता’ म्हणतात, व्हेनिसच्या बोलीत ‘पिरोन’. म्हणजे ‘पिरून’ शाळेतल्या इटालियनमधून आलेला नाही. मूळच्या ‘स’चा ‘श’ झालेला दिसला (‘स्कोवात्से’चं ‘श्कोवात्से’), तर शब्द बहुधा जुन्या थरातला. वाक्यात त्याला स्लोव्हेन विभक्ती लागते, ‘पिरूनोम’ म्हणजे काट्याने. म्हणून सुटा शब्द टिपू नका, पूर्ण वाक्य घ्या.

पिढ्यांचा फरक शाळेने घडवला. १९२०च्या दशकात इटालियन राजवटीने स्लोव्हेन शाळा बंद केल्या. त्या राजवटीत शाळेत गेलेले आता नव्वदीपुढचे आहेत, आधी त्यांच्याकडे जा. दुसऱ्या महायुद्धानंतर स्लोव्हेन शाळेत गेलेले घरात ‘पिरून’ म्हणतात आणि कचेरीत प्रमाण ‘विलित्से’. तरुणांकडे ‘शुगमान’सारखे रोजचे शब्द टिकलेत, किनाऱ्याकडचा माणूस त्यावरून ओळखू येतो. पण अवजारांचे शब्द वस्तूंबरोबरच चाललेत.

‘इटालियन शब्द सांगा’ असं कधीही विचारू नका. सक्तीच्या इटालियनीकरणाची आठवण घराघरात आहे. माणूस दुखावतो, किंवा शाळेतलं इटालियन सांगतो. वस्तू किंवा चित्र दाखवून ‘पो दोमाचे’, म्हणजे घरच्या बोलीत, काय म्हणता एवढंच विचारा. तिन्ही पिढ्यांना वेगवेगळं बसवा, आजीसमोर नातू आजीचाच शब्द उचलतो.

बैठक पाऊण तासाची पुरे. ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर मुद्रणात उतरते, त्यामुळे घरच्यांना विचारून तो तेवढा वेळ बंद ठेवा. लेखी संमती आधीच घ्या. प्रत्येक नोंदीवर गावाचं नाव हवंच: उत्तरेची रिझाना पोटबोली आणि दक्षिणेची शाव्रिनी एकत्र झाल्या, तर गावागावातला फरक पिढ्यांचा बदल वाटू लागतो.

सप्टेंबरात द्राक्षं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्ह. तेव्हा कुणाला सवड नसते, जानेवारी-फेब्रुवारी बरा. गावांकडच्या बस शाळेच्या वेळा धरून असतात, सुट्टीच्या दिवसासाठी गाडी ठरवा. निघण्यापूर्वी ‘फ्रान’ या मोफत संकेतस्थळावरचे बोलीनकाशे बघून ठेवा. शरीर, कुटुंब, घर आणि शेती यांचे शब्द तिथे गाववार मिळतात, प्रश्नावली त्यावरूनच बांधा.