तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या हॉलमध्ये सोफा का नाही?

"सामान अजून यायचंय का?" घरी पहिल्यांदा आलेला माणूस चपला काढता काढता हे विचारतोच. जरा घरोबा असेल तर सरळच, "अगं, सोफा कुठे गेला?" नवीन घर लावायला काढलेल्या मैत्रिणी तर फोन करून विचारतात, सोफ्याशिवाय तुमचं भागतं कसं? दरवेळी मी "जागा नाही हो" म्हणून वेळ मारून नेते. ते अर्धंच खरं आहे.

सोफा होता. आठ वर्षांपूर्वी डोंबिवलीत हे घर घेतलं तेव्हा सगळ्यात आधी तोच आला. एल आकाराचा, राखाडी, ४८ हजारांचा. दुकानात तो अगदी बेताचा वाटला होता. (दुकानात सगळंच बेताचं वाटतं, तिथलं छत केवढं उंच असतं!) लिफ्टमध्ये मावेना, म्हणून चौघांनी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवला आणि वळणावर भिंतीचा पोपडा काढला. त्याची भरपाई सोसायटीला आम्ही दिली.

आमचा हॉल १० बाय १५ फुटांचा, म्हणजे १५० चौरस फूट. सोफ्याची लांब बाजू साडेआठ फूट, आखूड बाजू सहा, पुढून मागे तीन. गुणाकार मी केला तो सोफा आल्यावर: साडेचौतीस चौरस फूट. त्याच्यासमोर टीपॉय हवाच, त्याचे आठ. हॉलचा पाव भाग गेला, वर सहा फुटांच्या त्या आडव्या फाट्यामुळे बाल्कनीकडे जायला चार फुटांची बोळकंडी उरली. तिथे कपडे वाळत घालायचं स्टँड असायचं. पुढचं सांगत नाही.

बरं, एवढं करून त्याच्यावर बसायचं कोण? पाहुणे, महिन्यातून दोनदा. मुलं जमिनीवर वह्या पसरून सोफ्याला पाठ टेकायची. सासूबाई भाजी घेऊन खालीच बसायच्या, पाठ सोफ्याला. नवरा लॅपटॉप घेऊन खाली, पाठ सोफ्याला. ४८ हजारांचा तक्क्या झाला होता तो. वरच्या बाजूला दोरीवरून काढलेल्या, घडी न घातलेल्या कपड्यांचा ढीग. एकदा मी सासूबाईंना म्हटलं, "आई, वर बसा ना." तर म्हणाल्या, "नको गं बाई. त्यात रुतलं की उठवायला माणूस लागतं."

माझं आजोळ कोल्हापूरकडे, कागलजवळ. तिकडच्या जुन्या घरांना सोपा असतो. सोफा नव्हे, सोपा. दारातून आत आलं की पुढची ऐसपैस जागा. आजोबा तिथे घोंगड्यावर बसून माणसांशी बोलायचे, सुगीत तिथेच शेंगांची पोती रचली जायची, रात्री आम्ही दहा-बारा पोरं तिथेच ओळीनं झोपायचो. त्यात काय होतं म्हणाल तर काहीच नव्हतं. खुंट्या होत्या, एक कंदील होता आणि कोपऱ्यात गुंडाळलेली जेनं, म्हणजे लोकरीची जाड अंथरुणं.

सासरे वाढले वरळीच्या बीडीडी चाळीत. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या त्या इमारती. खोली १६० चौरस फुटांची, संडास सगळ्या मजल्यात मिळून. म्हणजे आमच्या आजच्या हॉलपेक्षा जेमतेम दहा फूट जास्त, आणि त्यात माणसं आठ, शिवाय स्वयंपाक. बाबा सांगतात, सकाळी गाद्या गुंडाळून कॉटवर गेल्या की खोली मोकळी. तिथेच अभ्यास, तिथेच पंगत, तिथेच दुपारी त्यांच्या आईची शिलाई. दिवसातून चार वेळा खोली बदलायची. आम्ही मात्र दीडशे फुटांच्या हॉलमध्ये ४८ हजार घालून एकच गोष्ट करता येईल अशी सोय करून ठेवली होती, आणि ती गोष्टही कोणी करत नव्हतं.

सोफा खरा नडला तो गणपतीत. मखराला जागा करायची म्हणून दरवर्षी त्याचे दोन तुकडे सुटे करून एक बेडरूममध्ये पलंगावर उभा, दुसरा बाहेर जिन्याजवळ. मग सोसायटीची चिठ्ठी. तिसऱ्या वर्षी नवऱ्याची पाठ धरली, तरी सोफा राहिला. गेला तो बाबांच्या गुडघ्यामुळे.

बाबांचं गुडघा बदलायचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना फिजिओथेरपिस्टने बजावलं: मांडी नाही, उकिडवं नाही, आणि मऊ, खोल बैठकीवर अजिबात नाही. गुडघे कमरेपेक्षा वर जाता कामा नयेत, धरून उठायला हात हवेत. आमचा सोफा जमिनीपासून सोळा इंच, बसलं की बारा. ज्यांच्यासाठी बसायची सोय सगळ्यात जास्त हवी, नेमके तेच त्यावर बसू शकत नव्हते. सहा हजारांत विकला. नेणाऱ्यांनी जिन्यातला दुसरा पोपडा काढला.

मग सुतारकाकांना बोलावून दिवाण करून घेतला. यावर जरा लांबण लावते, कारण फोनवर विचारणाऱ्यांना खरं हेच हवं असतं. सहा फूट बाय अडीच, अठरा मिलिमीटरचा चांगला प्लाय. गादी दबल्यावर बैठक जमिनीपासून अठरा इंच भरली पाहिजे, असं मोजून घेतलं. काका नेहमीसारखा जमिनीपर्यंत बंद पेटीचा दिवाण करणार होते. मी म्हटलं, खाली चार इंच मोकळे सोडा, आणि पेटी पुढून आत घ्या. तुम्ही खुर्चीतून उठताना स्वतःकडे बघा: आधी पाय मागे जातात, मग माणूस पुढे झुकतो आणि उठतो. पेटी जमिनीला टेकलेली असली की टाचा मागे जात नाहीत आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. शिवाय झाडू-पोछा आत जातो हा वेगळाच फायदा. काकांना ते पटलं नाही, "सामानाची जागा जाते ताई" म्हणाले, पण केलं. सामानासाठी समोरून ड्रॉवर. वरून उघडणारं झाकण नको म्हटलं, कारण अंथरुणं काढायची वेळ येते तेव्हा गादीवर हमखास कोणीतरी बसलेलं असतं.

गादी कापसाची. फोमपेक्षा ती गार, पण दोन-तीन वर्षांत तिचे गोळे होतात, पिंजून घ्यावी लागते. पूर्वी पिंजारी दारावर यायचा, धनुकलीचा टणत्कार गल्लीभर ऐकू यायचा. आता गादीवाल्याच्या दुकानात यंत्र आहे, सकाळी दिली की संध्याकाळी भरून मिळते. उन्हाळ्यात गच्चीवर उन्हं दाखवायची. वर सोलापुरी चादर, दोन लोड. शिवाय हाताच्या लाकडी खुर्च्या दोन. मुलांसाठी मोठी सतरंजी, आणि वाचायला दिवाणाजवळ भिंतीवर एक पिवळसर दिवा. सगळ्या हॉलला पांढरी ट्यूब होती तेव्हा रात्री बँकेत बसल्यासारखं वाटायचं.

सगळं छान झालंय असंही नाही. चादर सारखी घसरते. नवऱ्याला सामना बघताना पसरायला जागा लागते, ती मिळत नाही म्हणून तो अजून कुरकुरतो. शहरी पाहुण्यांपैकी काही खुर्चीच्या टोकावर बसून लवकर निघतात. (ते वाईटच असं नाही.) पण हळदीकुंकवाला पन्नास बायका बसल्या, आणि गणपतीला दिवाण जागचा हलवावा लागला नाही, फक्त बाबा खुर्चीत गेले.

बाबांच्या पुतण्याला चाळीच्या पुनर्विकासात वरळीलाच ५०० चौरस फुटांचं नवं घर मिळालं. आम्ही बघायला गेलो तर हॉलमध्ये एल आकाराचा सोफा, वरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. भाऊजी त्यावर हात फिरवत म्हणाले, "वहिनी, आयुष्यभर कॉटवर काढली." मी काही बोलले नाही. बोलायचं काय? आम्ही सगळे ओळीनं बसलो, फोटो काढला, आणि बाबांसाठी आतून प्लास्टिकची खुर्ची आली.

तर आमच्याकडे कधी आलात तर दिवाणाचं खिडकीकडचं टोक तेवढं सोडा, ती बाबांची जागा आहे. डावीकडची खुर्ची जरा करकरते, तिला घाबरू नका.